मुकादमला फिट आली होती का?

१२ मार्च

ठकू,

या नावाने हाक मारायची नाही असं तू बजावून ठेवलंयस. पण तुझं खरं नाव लिहायला घेतलं की कुणाला तरी नोटीस धाडतोय असं वाटतं, म्हणून हेच लिहिलं. एवढं पोटात घाल.

तू जाताना फ्रिजवर चिकटवलेली चिठ्ठी अजून जागची हललेली नाही. 'मुकादमला काही झालं तर या पत्त्यावर कळवा. फक्त त्याच्याबद्दल.' फक्तच्या खाली दोन रेघा. गेल्या दीड वर्षात मी एकही पत्र टाकलं नाही, कारण त्याला काही झालं नव्हतं. दिलेल्या शब्दाला जागलो, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

आता मात्र लिहायलाच हवं. घाबरू नकोस. कुत्रा धडधाकट आहे. या क्षणी टेबलाखाली माझ्या पावलावर हनुवटी टेकून पडलाय आणि मी पाय हलवला की त्रासिक चेहरा करतोय. त्याचं नाव तू उगाच मुकादम ठेवलं नाहीस. स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही, पण दुसऱ्याच्या कामावर नजर ठेवायची.

मला तुझ्याकडून एकच माहिती हवी आहे. मुकादमला कधी फिट आली होती का? म्हणजे आडवं पडून पाय झाडणं, अंग ताठ होणं, तोंडाला फेस, असलं काही. दोन महिन्यांचं पिल्लू होता तेव्हापासून तू जाईपर्यंत तो तुझ्याच खोलीत झोपायचा. तुझ्याएवढं त्याला कुणी पाहिलेलं नाही. हो किंवा नाही, एवढंच लिही. पोस्टकार्ड पुरेल.

कारण सांगतो. यंदा ऊन लवकर तापलं आणि मागच्या मैदानातलं गवत कुणी कापलेलं नाही. मुकादम रोज तिथून गोचिडी घेऊन येतो. प्राण्यांच्या डॉक्टरबाई (तुझ्यावेळचे म्हातारे डॉक्टर आता येत नाहीत, ही तुझ्याच वयाची मुलगी आहे) म्हणतात, महिन्याला एक गोळी द्या, गोचिडी रक्त प्यायला लागल्या की मरतील. बहुतेक कुत्र्यांना ती गोळी चांगली सोसते. पण ज्या कुत्र्याला पूर्वी फिट आलेली आहे, त्याला त्या गोळीने पुन्हा येऊ शकते. म्हणून आधी ते कळलं पाहिजे.

मानेवर घालायचे थेंब का नाही वापरत, असं तू म्हणशील. काही कारणाने ते या घरात चालण्यासारखे नाहीत. ते सगळं लिहीत बसत नाही.

तब्येत चांगली आहे. (मुकादमची.)

बाबा


२३ मार्च

ठकू,

टपाल हल्ली उशिरा पोचतं, असं मी मुकादमला सांगितलं. त्याला पटलेलं दिसत नाही.

तुझं उत्तर येईपर्यंत डॉक्टरबाईंनी हाताने गोचिडी काढायला सांगितल्या आहेत. सकाळचा चहा झाला की गॅलरीत जुनी पांढरी चादर अंथरतो. पांढरी अशासाठी की खाली पडलेली दिसते. वाचायचा चष्मा, चिमटा आणि झाकणाच्या बाटलीत स्पिरिट. मुकादमला एकदा 'चल' म्हटलं की तो येऊन आडवा होतो आणि न सांगता कूस बदलतो. पहिल्या दिवशी मी चुकीच्या पद्धतीने ओढली आणि तोंड कातडीतच तुटून राहिलं. आता कातडीला लागून धरतो, पीळ न देता सरळ वर ओढतो. कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली. काही तर मोहरीच्या दाण्याहून बारीक असतात. पाऊण तास लागतो.

मी त्याला इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. मागच्या डाव्या पायाला एक नख जास्तीचं आहे. हनुवटीखाली बोटभर जुना व्रण आहे, तिथे केस उगवलेले नाहीत. हा कशाचा? माझ्या घरात सहा वर्षं वावरणारा कुत्रा, आणि मला त्याच्या हनुवटीखालचा व्रण माहीत नसावा. तुझ्या आईला माहीत असणार. आता तिला विचारायची सोय नाही.

हे त्याच्याबद्दलच आहे. व्रण त्याचाच आहे.

मांजरसुद्धा चादरीवर येऊन बसतं. मांजराचं मी मागच्या वेळी लिहिलं नव्हतं. पाळलेलं नाही, नुसतं येतं. राखाडी आहे, एक कान फाटका. तू गेल्यानंतरच्या थंडीत जिन्यात बसलेलं असायचं. मी दूध काही मुद्दाम देत नाही, उरतं ते देतो. हल्ली थोडं जास्त उरतं. ते येऊन मुकादमच्या मानेवर डोकं ठेवून झोपतं आणि मुकादम श्वाससुद्धा बेताने घेतो. एवढा मोठा अधिकारी, पण मांजरापुढे त्याचं काही चालत नाही.

तुझा जुना नंबर लावून पाहिला. तो आता एका सुताराकडे गेलाय. भला माणूस आहे. पहिल्यांदा चुकून लागला, त्यानंतर दोनदा मीच लावला. त्याच्याकडे कुत्रा नाही, पण बायकोला हवाय म्हणाला. मी म्हटलं, आधी गोचिडींचं बघा.

फिटबद्दल लवकर लिही. दिवसाला वीसेक निघतात आणि तेवढ्याच दुसऱ्या दिवशी पुन्हा असतात.

बाबा


१ एप्रिल

ठकू,

थेंबांबद्दल लिहीत बसत नाही असं म्हणालो होतो. पण डॉक्टरबाई म्हणतात, तुमच्या मुलीला पूर्ण हकिगत कळल्याशिवाय ती उत्तर तरी का देईल? डॉक्टरबाईंचं म्हणणं मला पटलं नाही, पण खोडून काढता आलं नाही. तेव्हा ऐक.

फेब्रुवारीच्या शेवटी पहिली गोचीड दिसली तेव्हा मी दुकानात गेलो. मुकादमच्या वजनाचे थेंब संपले होते. चाळीस किलोच्या कुत्र्याची मोठी नळी तेवढी शिल्लक होती. दुकानदार म्हणाला, चार दिवस थांबा. आता मला सांग, मी काय म्हणून थांबू? अडतीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीमागे बसून मोठ्या बाटलीतलं औषध छोट्या बाटल्यांत भरलं, पावडरी तोलून पुड्या बांधल्या. मुकादम चौदा किलोचा. साधं त्रैराशिक. घरी आलो, सिरिंजने मोजून तिसऱ्या हिश्शाला थोडं वर एवढं त्याच्या मानेवर घातलं. राहिलेलं तपकिरी बाटलीत भरलं आणि वर चिठ्ठी डकवली. 'मुकादम. मार्च व एप्रिल. हलवून वापरावे.' अक्षर अजून वळणदार येतं माझं. मला फार बरं वाटलं. निवृत्त झाल्यावर तीन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

खोक्यावर मांजराचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली. ती मी पाहिली. मी आंधळा नाही. मांजराला घालू नये असा तिचा अर्थ, आणि मी कुठे मांजराला घालत होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी मांजर स्वयंपाकघरात आडवं पडून थरथरत होतं. कान, ओठ, पाय, सगळं वेगवेगळं उडत होतं. रात्रभर ते मुकादमच्या ओल्या मानेवर झोपलेलं. मी त्याला टॉवेलात गुंडाळून दवाखान्यापर्यंत धावलो. या वयात धावलो म्हणजे बघ. मुकादम मागे धावत होता आणि भुंकत होता, पट्टा नाही, काही नाही.

डॉक्टरबाईंनी त्याला भांडी घासायच्या साबणाने धुतलं, सुई दिली, दोन दिवस ठेवून घेतलं. जगलं. माझा जीव भांड्यात पडला. मग तिने मला समोर बसवून विचारलं, "काका, हे कुणाला विचारून केलंत?"

मी म्हणालो, "मी दवाखान्यात कंपाउंडर होतो. अडतीस वर्षं."

ती म्हणाली, "ते नाही विचारलं मी. कुणाला विचारलंत, ते सांगा."

मग तिने समजावून सांगितलं की असली नळी वाटून घालायची नसते. हिशेबात जरा चूक झाली की एकतर अंगाला बाधतं नाहीतर काहीच उपयोग होत नाही. शिवाय काही थेंब कुत्र्याला अमृत आणि मांजराला विष. घरात मांजर असेल तर तसं आधी सांगावं लागतं. मी म्हटलं, मांजर घरातलं नाही, येतं फक्त. तिने दवाखान्याच्या वहीत मांजराच्या नोंदीपुढे मालक म्हणून माझं नाव लिहिलं होतं ते मला फिरवून दाखवलं.

तपकिरी बाटली तिने मागून घेतली. वरची चिठ्ठी वाचून ती हसली नाही, हे तिचे उपकार.

आता कळलं ना, थेंब का चालत नाहीत आणि गोळीवर सगळं का अडलंय. गोळी पोटात जाते, मांजराला काही होत नाही. फक्त फिटचं कळलं पाहिजे.

तुला हसू आलं असेल तर मोकळेपणी हस. राग आला असेल तर तोही कळव. काहीही कळव.

बाबा


९ एप्रिल

काल मी तुझ्या खोलीत गेलो. मुकादमचे जुने कागद सापडतात का ते पाहायला, दुसऱ्या कशासाठी नाही. लसीकरणाचं कार्ड मिळालं. त्यावर फिटबद्दल काही नाही. तुझ्या टेबलाच्या खणात त्याचा पिल्लू असतानाचा दात डबीत ठेवलेला आहे, तो तसाच ठेवला. तुझी निळी शाल मात्र मुकादम तोंडात धरून घेऊन गेला. आता ती त्याच्या अंथरुणावर आहे. धुवून परत ठेवीन.

एक गोष्ट आठवली, तेवढ्यासाठी लिहितोय. त्याला वर्ष झालं असेल नसेल. मी कामावरून आलो तर तू स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली होतीस आणि त्याचं डोकं तुझ्या मांडीवर. आई बाजूला ओला कपडा पिळत होती. मी विचारलं, काय झालं. तू म्हणालीस, काही नाही, झोपेत पळत होता. मी हातपाय धुवायला गेलो.

ते झोपेत पळणंच होतं ना?


१६ एप्रिल

ठकू,

मुकादम आजारी आहे.

सोमवारी जिना चढेना. दुसऱ्या मजल्यावर बसला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मीच काहीतरी चुकवलंय. उचलून वर आणला. चौदा किलो आता चौदा राहिलेले नाहीत. भांड्याकडे पाहून तोंड फिरवलं. मी त्याचा ओठ वर करून पाहिला, हिरडी कागदासारखी पांढरी.

कपाटात माझ्याकडे काय काय आहे ते तुला माहीतच आहे. गोळ्यांच्या एका पट्टीवर माझा हातही गेला. गोचिडींच्या तापावर बहुतेक तेच औषध देतात, माणसाचं असलं तरी. वजन माहीत, माप माहीत. मी पट्टी हातात घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग परत ठेवली आणि त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. हे मी तुला मुद्दाम सांगतोय. मोठेपणा म्हणून नाही. थोडासा मोठेपणा म्हणूनही.

रक्त तपासलं. गोचीडतापच निघाला. रोज पाऊण तास चिमटा घेऊन बसलो, डोळ्यांत तेल घालून पाहिलं, तरी एक कुठेतरी राहिलीच. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमची चूक नाही, हाताने सगळ्या निघतच नाहीत. महिनाभराचं औषध दिलंय. रक्त वाढेल, असं त्यांना वाटतं. पण पुन्हा चावल्या आणि पुन्हा ताप आला तर याच्या अंगात ताकद उरणार नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. आता थांबता येत नाही, या आठवड्यात काहीतरी ठरवायलाच हवं.

त्यांनी पुन्हा तेच विचारलं. "काका, कधी फिट?"

खरं सांगू? 'नाही' माझ्या ओठांवर आलं होतं. 'नाही' म्हटलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे गोळी दिली असती, मुकादमला गोचिडींपासून सुटका मिळाली असती, आणि मला तुझ्या पत्राची वाट बघायची गरज राहिली नसती. झोपेत पळत होता, असं तूच म्हणाली होतीस. मी ते पुढे करू शकलो असतो.

मी म्हणालो, "मला माहीत नाही." अडतीस वर्षांत त्या खिडकीतून मी हे वाक्य कुणाला ऐकवलं नव्हतं. लोक डॉक्टरांना विचारायला लाजायचे ते मला विचारायचे, आणि मी उत्तर द्यायचो. काहीतरी द्यायचोच.

तुझा माझ्यावरचा राग मला ठाऊक आहे. आईच्या औषधांच्या डबीत तुला अर्ध्या तोडलेल्या गोळ्या सापडल्या, त्या दिवसापासूनचा. तुम्ही कुणाला विचारत का नाही, असं तू ओरडून म्हणालीस. डबीबद्दल मी तुला तेव्हा जे सांगितलं ते सांगितलं. ते आता उकरून काढायला नको. हे पत्र मुकादमचं आहे.

तेव्हा एक कर. मला लिहू नकोस. माझं तोंड बघायचं नाही, आवाज ऐकायचा नाही, ठीक आहे. डॉक्टरबाईंच्या दवाखान्याचा नंबर खाली दिलाय. सकाळी दहा ते एक त्या असतात. त्यांना सरळ सांग. मी मध्ये नाही. तू काय बोललीस ते मला कळलं नाही तरी चालेल, कुत्र्याला काय द्यायचं ते त्यांना कळू दे.

बाबा


२१ एप्रिल

तुझा फोन आला होता, हे मला आज कळलं.

मुकादमचं रक्त तपासायला घेऊन गेलो होतो. थोडं वाढलंय. सकाळी त्याने अर्धं भांडं खाल्लं आणि मांजर उरलेलं खायला गेलं तेव्हा गुरगुरला. इतके दिवस त्याने तेवढंही केलं नव्हतं, म्हणून मला आनंद झाला. मांजराला झाला नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीचा फोन आला होता, परवा. वीस मिनिटं बोलल्या."

वीस मिनिटं. मी खुर्चीत बसलो. त्यांनी वही उघडून वाचून दाखवलं. दोन फिट. पहिली अकराव्या महिन्यात, दुसरी त्यानंतर दोन महिन्यांनी. दोन्ही दुपारच्या, प्रत्येकी दीडेक मिनिट. म्हाताऱ्या डॉक्टरांना दाखवलं होतं, त्यांनी नुसतं लक्ष ठेवा म्हटलं होतं, पुन्हा आली नाही. हनुवटीखालचा व्रण पहिल्या फिटच्या वेळी फरशीवर आपटून झालेला. तुला सगळं तारखांसकट आठवत होतं, असं त्या म्हणाल्या. तू लहानपणापासून तशीच आहेस.

मी म्हटलं, "हे मला घरात कुणी सांगितलं नाही."

त्या वहीत बघत राहिल्या. मी म्हटलं, "का नाही सांगितलं, ते बोलली का ती?" त्यांनी टाळायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, बाई, मी म्हातारा माणूस आहे, सांगून टाका. तेव्हा म्हणाल्या, "आईंनी सांगू नको म्हटलं होतं, म्हणाल्या. बाबांना कळलं तर ते स्वतःच औषध सुरू करतील, म्हणून."

म्हणजे त्या दिवशी तुझी आई ओल्या कपड्याने फरशीवरचा फेस पुसत होती. आणि मी विचारल्यावर तुम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं असणार. मी साबण शोधत होतो.

मला वाईट वाटलं का? वाटलं. घरी येताना मुकादमला उचलून घेतला होता, तो बरा असूनही. रस्त्यात एक बाई म्हणाल्या, केवढं प्रेम आहे तुमचं. सत्तावीस वर्षांचा संसार, एक मुलगी, आणि घरात कुणाला बरं नसलं तर ते माझ्यापासून लपवायचं, असा कायदा होता. मला त्याचा पत्ताही नव्हता. मी मात्र समजत होतो की घरात औषधाचं सगळं माझ्यावर सोपवलेलं आहे.

मुकादमचं काय ठरलं ते सांगतो, कारण ते तुझ्या फोनमुळे ठरलं. ती गोळी द्यायची नाही. जुने थेंब तर नाहीतच. दुसऱ्या जातीचे थेंब आहेत, फिट येणाऱ्या कुत्र्याला चालतात आणि मांजराला त्यांचा धोका कमी. ते त्याच्या वजनाच्याच नळीत घ्यायचे, दुकानात नसतील तर दवाखान्यातून. घातल्यावर दोन दिवस मांजराला वेगळ्या खोलीत ठेवायचं. जंताचं औषध तीन महिन्यांनी, वजन करून. मैदानात जायचं नाही, डांबरी रस्त्याने फिरायचं. आणि चिमटा सोडायचा नाही, रोज तपासायचं. मी सगळं लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. एका ठिकाणी माझं ऐकण्यात चुकलं होतं. त्यांनी दुरुस्त केलं आणि मी खोडून नीट लिहिलं.

पहिला थेंब त्यांनीच घातला. मांजर तुझ्या खोलीत कोंडलंय आणि दाराखालून पंजा काढून माझ्या नावाने शिव्या घालतंय.

तू माझी चौकशी केलीस का, असं मी डॉक्टरबाईंना विचारलं नाही. जाताना त्या आपणहून म्हणाल्या, "तुमच्याबद्दल काही बोलल्या नाहीत, काका." त्यांना खोटं बोलता येत नाही, हा चांगल्या डॉक्टरचा गुण आहे. मी मान डोलावली. तसंच ठरलं होतं.


२८ एप्रिल

ठकू,

मुकादम चौदा किलो दोनशे ग्रॅम. हिरड्या गुलाबी. सात दिवसांत एकच गोचीड सापडली, तीही मेलेली. मांजर बाहेर आलं आणि दोघं पुन्हा एकत्र झोपतात. त्याला कुठलंही औषध देण्याआधी मी दवाखान्यात विचारतो, आणि तिथे बंद असेल तर थांबतो. त्याच्याबद्दल कळवण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

यापुढचं त्याच्याबद्दल नाही. दोन रेघा मला दिसताहेत. तुला इथेच पत्र फाडायचं असेल तर फाड.

आईच्या डबीतल्या गोळ्या तिने तोडल्या नव्हत्या. तिला गिळवत नव्हत्या म्हणून तीच तोडायची, असं मी तुला सांगितलं. ती गेल्याला पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते आणि मी तिच्यावर ढकललं. तुझा विश्वास बसला नाही, ते माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी रेटलं. दोन वर्षं रेटतोय. मनात इतक्या वेळा घोळवलं की मधेमधे मलाच खरं वाटायचं.

तिला उठताना चक्कर यायची. तुला आठवतं, दाराची चौकट धरायची. मला वाटलं, रक्तदाबाची गोळी जास्त होतेय. चक्कर आली की मात्रा कमी करायची, हे मी किती डॉक्टरांना करताना पाहिलं होतं. सकाळी मी तिच्या गोळ्या काढून ठेवायचोच. एके दिवशी सुरीने अर्धी केली. चक्कर थांबली. मला वाटलं, बघा, डॉक्टरांच्या जे लक्षात आलं नाही ते माझ्या आलं. सात आठवडे अर्धी दिली. रक्तदाब मोजला नाही. यंत्र कपाटात होतं.

नंतर इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, पूर्ण गोळी असती तरी झटका आला असता कदाचित. मी त्या 'कदाचित'ला धरून बसलोय. तुला ते देत नाही, ते माझ्यापाशीच राहू दे.

उत्तर मागत नाही. माफीही मागत नाही, कारण मागितली की तुला काहीतरी करावं लागेल. पण तुम्ही दोघींनी मला फिटचं सांगितलं नाहीत, ते बरोबर केलंत, हे कुणीतरी तुला सांगायला हवं आणि ते मीच सांगायला हवं. तुझी आई मला ओळखून होती. कुत्र्याला तिने माझ्यापासून वाचवलं.

स्वतःला मात्र नाही. पहिल्या दिवशी तिने बशीत पाहिलं आणि विचारलं, "आज अर्धीच का?" मी म्हणालो, "डॉक्टरांना विचारलंय." मी विचारलं नव्हतं. ती "बरं" म्हणाली आणि तिने पाणी मागितलं.

बाबा